सहावं पान ज्याचं, बैल त्याचे

गणपतीच्या जागरणात झब्बू आटोपला आणि मेंढीकोटाला चौथा भिडू मिळेना, की हल्ली एखाद्या घरातून एक छोटा खोका पुढे येतो. परदेशात नोकरीला असलेल्या पुतण्याने आणलेला, वर शिंगवाल्या बैलाचं चित्र. आत १०४ पानं, त्यांवर १ ते १०४ आकडे. राजा नाही, राणी नाही, बदाम-किलवरही नाही. कोणीतरी नियमांचा कागद मोठ्याने वाचतं, बाकीचे माना डोलावतात आणि दुसऱ्याच खेळीला वाद सुरू होतो: ‘अरे, हे पान इथे कसं लागेल?’

खरं तर नियम मोजून चार आहेत. घोटाळा होतो तो आपल्या सवयींमुळे. मोठं पान जिंकतं, हात जितके जास्त तितके चांगले, आणि आपलं पान कुठे टाकायचं ते आपण ठरवायचं, या तिन्ही गोष्टी आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. या खेळात तिन्ही चुकीच्या आहेत. इथे पानं मिळणं हीच शिक्षा.

खेळ जर्मन आहे. वोल्फगांग क्रामर यांनी रचला, आमिगो या कंपनीने १९९४ साली बाजारात आणला आणि त्याच वर्षी त्याला ‘डॉइचर श्पीलप्राइस’ हा तिकडचा मानाचा पुरस्कार मिळाला. मूळ नाव ‘झेक्स निम्ट’, म्हणजे ‘सहावा उचलतो’. पानांवरच्या बैलांमागेही गंमत आहे. जर्मनमध्ये मूर्खाला ‘शिंगवाला बैल’ म्हणतात. ज्या भाषेत ‘बैलोबा’ आणि ‘नंदीबैल’ रोज ऐकू येतात, तिला हे वेगळं समजवायला नको.

बैल म्हणजे दंड

प्रत्येक पानावर आकड्याशिवाय काही बैलांची मुंडकी छापलेली असतात. पान तुमच्याकडे आलं की तेवढे बैल तुमच्या नावावर चढतात. किती, ते आकडाच सांगतो. शेवटी ५ असेल तर २ बैल, शेवटी ० असेल तर ३, जुळे आकडे म्हणजे ११, २२, ३३ वगैरे असतील तर ५. एकट्या ५५ वर ७, कारण ते जुळंही आहे आणि त्याच्या शेवटी ५ सुद्धा आहे. उरलेल्या ७६ पानांवर प्रत्येकी १. सगळे मिळून १७१ बैल.

शेवटी ज्याचे बैल सर्वांत कमी, तो जिंकला.

चार लिफ्टचा हिशेब

पानं पिसून प्रत्येकाला १० वाटायची. उरलेल्यांतली चार टेबलावर उघडी ठेवायची, एकाखाली एक. या झाल्या चार रांगांच्या सुरुवाती. बाकीची पानं बाजूला, या डावात त्यांचं काम नाही. भिडू २ ते १० चालतात. दहा असतील तर शंभर पानं हातांत आणि चार टेबलावर, म्हणजे शिल्लक शून्य.

आता घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमधल्या चार लिफ्ट डोळ्यांपुढे आणा. प्रत्येकीत पाटी आहे: ५ व्यक्ती, ३४० किलो. आपल्या चार रांगा म्हणजे या चार लिफ्ट. पाच पानं मावतात. सहावं शिरलं की घंटा वाजते. खऱ्या लिफ्टमध्ये सहावा माणूस ओशाळून बाहेर पडतो. इथे उलटं: आतले पाचही जण बाहेर पडून त्याच्या घरी जेवायला जातात आणि लिफ्टमध्ये तो एकटा उभा राहतो. म्हणजे सहावं पान टाकणाऱ्याने आधीची पाच उचलायची, आणि त्याचं स्वतःचं पान त्या रांगेचं पहिलं पान होतं.

लिफ्ट निवडायची मात्र तुमची मुभा नाही. प्रत्येक खेळीला सगळ्यांनी एकेक पान पालथं ठेवायचं आणि एकदम उघडायचं. मग बँकेतल्या टोकनसारखं: लहान आकडा आधी, मोठा नंतर. कोण कुठे बसलंय, कोणी पानं वाटली, याला काही अर्थ नाही. आपला नंबर आला की चारही रांगांची शेवटची पानं पाहायची. त्यांतली जी तुमच्या पानापेक्षा लहान असतील, त्यांपैकी सर्वांत जवळच्या आकड्याच्या रांगेत तुमचं पान जातं. टोकांना १२, ३७, ५८ आणि ९१ असतील आणि तुम्ही ६० टाकलं, तर ते ५८ च्या पुढे. १२ आणि ३७ सुद्धा लहानच आहेत, पण जवळचं ५८.

चौथा नियम सर्वांत लहान पानाचा. तुमचं पान चारही टोकांपेक्षा लहान असेल तर ते कुठेच बसत नाही. मग तुमच्या मर्जीची कुठलीही एक रांग अख्खी उचलायची आणि तिच्या जागी आपलं पान ठेवायचं.

हातातली दहाही पानं संपली की डाव संपला. बैल मोजायचे, वहीत लिहायचे, पुन्हा सगळी १०४ पानं पिसायची. कोणाचेही ६६ किंवा जास्त बैल झाले की त्या डावाअखेर खेळ थांबतो.

एक खेळी, पानागणिक

एवढं वाचून डोकं गरगरत असेल तर एकच खेळी नीट पाहू. पाच भिडू आहेत, टेबल असं आहे:

पहिली रांग: ३, १७, १९, २४, २६
दुसरी रांग: ४१, ४४
तिसरी रांग: ६०, ६१, ६६, ७०
चौथी रांग: ८८

पानं उघडली. ताईचं ९, काकांचं २९, आजीचं ७२, मावशीचं ७५, दादाचं ९०.

ताई पहिली. टोकांना २६, ४४, ७० आणि ८८. नऊ या सगळ्यांपेक्षा लहान, म्हणजे एक रांग उचलायची आहे. पहिल्या रांगेत पाच पानं असली तरी बैल पाचच, प्रत्येकी एक. दुसरीत ६. तिसरीत ३ + १ + ५ + ३, म्हणजे १२. चौथीत पान एकच, पण ते ८८, म्हणजे पुन्हा ५. ताईला पहिली घेतली काय आणि चौथी घेतली काय, दंड सारखाच.

पण काकांचा श्वास इथेच अडकलेला असतो. ताईने पहिली उचलली तर तिथे एकटं ९ उरतं, काकांचं २९ त्याच्यापुढे जाऊन बसतं आणि काका सुटतात. ताईने चौथी उचलली तर पहिली रांग भरलेलीच राहते, २९ ला सर्वांत जवळचं टोक २६, आणि काका सहावे. बैल पाच. ताईच्या खिशाला दोन्ही सारखं, काकांच्या जिवाला नाही. खेळातली निम्मी मजा या असल्या जागी आहे.

समजा ताईने दया दाखवली. पुढे आजी: ७२ ला जवळचं टोक ७०, तिसऱ्या रांगेत पाचवी जागा, आजी सुटली. मग मावशीचं ७५. आता टोक ७२ आहे, जागा सहावी. मावशी ६०, ६१, ६६, ७० आणि आजीचं ताजं ७२ अशी पाच पानं उचलते. एकूण १३ बैल. तिचं ७५ नवी रांग सुरू करतं. शेवटी दादाचं ९० निवांत ८८ पुढे. आजी आणि मावशी यांच्या पानांत फरक तीनचा, दंडात तेराचा.

हमखास चुकणाऱ्या जागा

सर्वांत जास्त चुका उचललेल्या पानांच्या होतात. झब्बूत उचललेली पानं हातात येतात, म्हणून इथेही लोक ती हातात खोवतात. तसं करायचं नाही. उचललेली पानं आपल्यासमोर पालथी ठेवायची. तो फक्त दंडाचा गठ्ठा, त्यातलं पान पुन्हा खेळायचं नाही. हातातली पानं दर खेळीला सगळ्यांची सारखी हवीत. कोणाकडे एक जास्त निघालं तर चूक हीच झालेली असते.

दुसरी चूक म्हणजे सहावं पान धरून सहा उचलणं. उचलायची पाचच.

तिसरी घाईची. पानं उघडली की जो तो आपलं पान आपल्या हाताने लावायला धावतो आणि लहान-मोठ्याचा क्रम बिघडतो. एकदा बिघडला की मागे जाऊन दुरुस्त करणं अवघड. त्यामुळे एका माणसाने सगळी पानं लावावीत, आणि तो माणूस आकड्यात पक्का असावा. रांगा वरून खाली चढत्या क्रमाने मांडायचा हट्टही काहीजण धरतात. त्याची गरज नाही. ९१ ची रांग वर आणि ९ ची खाली असली तरी काही बिघडत नाही.

आकडा नको, अंतर पाहा

‘माझं पान चांगलं की वाईट?’ असं नवा भिडू विचारतो. या खेळात पान आपलं आपण चांगलं-वाईट नसतं. पाहायचं ते टोक आणि आपलं पान यांच्यामधलं अंतर, आणि रांगेत उरलेल्या जागा.

एका रांगेत तीन पानं आहेत, टोकाला ५०. तुमच्याकडे ५२ आहे. तुमच्या आधी तिथे जाऊन बसू शकेल असं एकच पान आहे, ५१. ते आलं तरी चौथं, तुमचं पाचवं. तेच तुम्ही ५७ टाकलंत, तर मधे ५१ ते ५६ अशी सहा पानं. त्यांतली दोन पडली की तुम्ही सहावे. अर्थात त्या सहांपैकी जी तुमच्या हातात आहेत किंवा आधी खेळून झालीत ती वजा करायची. हातात ५३ आणि ५४ तुमच्याकडेच असतील तर धोका चार पानांचाच उरला.

एवढा हिशेब जमला की माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तिथेच फसतो. कारण लहान पानवाला. तुम्ही ५२ टाकलंय, आणि कोणीतरी टाकलं ४. त्याला रांग उचलायची आहे, आणि तो स्वस्तातली पाहणार. नेमकी ५० ची रांग स्वस्त असेल तर तो ती उचलतो आणि तिथे ४ ठेवतो. तुमचं टोकच नाहीसं झालं! आता ५२ ला जवळचं टोक कुठलं? ४६ असेल आणि त्या रांगेत पाच पानं असतील, तर तुमच्या पक्क्या पानाने तुम्हाला पाच पानं बक्षीस दिली.

म्हणून पान टाकण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. ज्या रांगेवर विसंबलोय ती सर्वांत स्वस्त आहे का? आणि ती गेलीच तर माझं पान कुठे पडेल? हे दोन प्रश्न विचारणारा भिडू दोन-तीन डावांतच इतरांपेक्षा वेगळा दिसायला लागतो.

संकट केव्हा येणार याचाही अंदाज बांधता येतो. सुरुवातीला चार रांगांत मिळून मोकळ्या जागा १६. पाच भिडू असतील तर तीन खेळ्यांत १५ पानं पडतात. चौथी खेळी संपेपर्यंत कोणीतरी रांग उचललेली असणारच, आकडे काहीही असोत. दहा भिडू असतील तर दुसऱ्याच खेळीत. म्हणून नको असलेली मोठी पानं, ९५ च्या पुढची, जागा आहेत तोवर काढून टाकलेली बरी. १०४ हे पान नेहमी सर्वांत शेवटी लागतं आणि नेहमी सर्वांत मोठ्या टोकाच्या रांगेत जातं. ती रांग भरत आल्यावर ते हातात असणं म्हणजे गळ्यात घंटाच.

लहान पानांचं काय?

१ हे पान ज्याच्याकडे आलं त्याला एक रांग उचलावीच लागते, सुटका नाही. फक्त केव्हा, एवढंच त्याच्या हातात. माझं मत: पहिल्याच खेळीत. तेव्हा चारही रांगांत एकेकच पान असतं, आणि त्या चारांत निदान एक तरी १ बैलाचं असण्याची शक्यता शंभरात ९९ हून जास्त. म्हणजे एका बैलात पीडा टळली. तेच पान सातव्या-आठव्या खेळीपर्यंत जपलं तर तेव्हा सर्वांत स्वस्त रांगसुद्धा पाच-सहा बैलांची निघू शकते.

४, ६, ८ अशा पानांची गोष्ट वेगळी. त्यांनी थोडं थांबावं. दुसऱ्या कोणी २ टाकून रांग उचलली की टोकाला २ येतं, आणि तुमचं ४ फुकटात त्याच्यापुढे जाऊन बसतं. एकाने दंड भरून उघडलेल्या दारातून बाकीचे आत शिरतात. दार मात्र फार वेळ उघडं राहत नाही. त्या टोकाला २० लागलं की तुमचं ४ पुन्हा बाहेर.

जाणूनबुजून बैल घ्यायला लोक कचरतात. पण हिशेब बघा: १७१ बैल, १०४ पानं, म्हणजे पानामागे सरासरी दीडपेक्षा थोडे जास्त, आणि भरलेल्या रांगेमागे आठेक. आठ चुकवायला एक-दोन पत्करणं हा तोट्याचा सौदा नाही. आणि आठ ही सरासरी झाली. ३३, ४४, ५५, ६६, ७७ अशी रांग जमली तर एका झटक्यात २७.

‘हा तर निव्वळ नशिबाचा खेळ’

दहाजण बसले असतील तर हा आक्षेप बऱ्यापैकी खरा. दर खेळीला दहा पानं एकदम पडतात, अंदाज धुऊन निघतो, आणि आरडाओरडा करायला मजा येते. तिघा-चौघांत चित्र पालटतं. दोघांत मात्र खेळ रटाळ होतो, वीस पानांत फारसं काही घडत नाही.

डोकं चालवायचं असेल तर नियमांतच एक सोय आहे. भिडूंच्या संख्येला दहाने गुणून त्यात चार मिळवायचे, तेवढीच पानं घ्यायची. पाचजण असतील तर १ ते ५४, चौघे असतील तर १ ते ४४. आता बाजूला पडलेलं पान एकही नाही. जे तुमच्या हातात नाही आणि टेबलावर दिसलं नाही, ते कोणाच्या तरी हातात आहेच. मेंढीकोटात उतरलेली हुकुमाची पानं लक्षात ठेवणाऱ्यांना हा प्रकार लगेच आवडतो.

मुलांचं म्हणाल तर शंभरपर्यंतचे आकडे आणि लहान-मोठं कळलं की पुरे. आठ वर्षांचं मूल बिनधास्त खेळतं, आणि पुष्कळदा मोठ्यांना बैल चारतं. मोठे फार विचार करतात.

पैसे लावायचे का?

नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून ‘पत्ते खेळणं चालतं का?’ असं विचारणारे वाढलेत. त्या कायद्याचा रोख ऑनलाइन आणि पैशांच्या खेळांवर आहे. दिवाणखान्यात बिनपैशाचा डाव मांडण्याशी त्याचा संबंध नाही. पैसे लावून अड्डा भरवणं हा महाराष्ट्रात जुगारबंदीच्या १८८७ च्या कायद्यापासूनचा गुन्हा आहे. शिवाय पैसे आले की ताई काकांवर दया दाखवत नाही.

ठाणे-वाशी लोकलमध्येही हा डाव जमत नाही. मांडीवरच्या बॅगेवर रमी होते, पण चार रांगा आणि प्रत्येकीत पाच पानं मांडायला निदान दोन फूट बाय दीड फूट सपाट जागा लागते. घरीसुद्धा पंख्याखाली बसलात तर पहिल्याच खेळीत रांगा उडतात.

खोका नसेल तर

साध्या पत्त्यांच्या एका कॅटमध्ये जोकर वगळून ५२ पानं. दोन कॅट म्हणजे बरोबर १०४. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात नाहीतर जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात एकाच छापाचे दोन कॅट घ्यावेत. पाठी वेगवेगळ्या रंगांच्या असतील तर पालथं पान ओळखू येतं आणि खेळ गेला.

पक्क्या शाईच्या मार्करने समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आकडा लिहायचा आणि शाई वाळू द्यायची, नाहीतर गुळगुळीत पानावर ती पुसटते. मधल्या बदाम-इस्पिकांवर मोठी फुली मारा, मुलं गोंधळतात. स्टिकर लावणार असाल तर दोन्ही कोपऱ्यांत लावा. एकाच कोपऱ्यात लावले तर गठ्ठा एका बाजूला फुगतो आणि पिसता येत नाही. इंग्रजी अंक लिहिणार असाल तर त्यांच्याखाली रेघ ओढायला विसरू नका. १६ उलटा धरला की ९१, १८ चा ८१, ६६ चा ९९, आणि ६ चा ९ तर होतोच.

बैल काढत बसायची गरज नाही, आकड्याखाली तेवढे ठिपके पुरतात. सगळी पानं झाली की ठिपक्यांची बेरीज करा, ती १७१ यायला हवी. १६९ आली तर ५५ वर पाचच ठिपके दिलेत, आणि १६६ आली तर दोनच.